माझ्या तोंडून गेलेला निवाडा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे, आणि मी रागावलेला आहे.

मुरुडच्या दक्षिणेस, खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे, एक लहानसा कोळीवाडा आहे. तेथील गावदेवीच्या देवळामागे जाळी ठेवण्याची खोली आहे. त्या खोलीत, फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर, मी तोंड खाली करून पडलो आहे. कुंभारीण माशीने माझ्या घशात मातीचे घर बांधले आहे. ज्याचा जन्मच बोलण्यासाठी झाला, त्याच्या मुखात माती भरावी हे दैव कठोर खरे. परंतु माझा राग त्या माशीवर नाही. ती आपला धर्म पाळते. ज्यांनी आपला धर्म पाळला नाही, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

माझा जन्म मुंबईतील एका लहान कारखान्यात झाला. कारागिराने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चकती फिरत्या साच्यावर दाबत दाबत मला धोत्र्याच्या फुलाचा आकार दिला. माझ्या घशाशी एक पातळ पडदा बसवला. तो थरथरला की मी बोलतो. तयार झाल्यावर त्याने मला गच्चीवर नेऊन वाजवून पाहिले आणि आपल्या सोबत्याला म्हणाला, "हा गाण्याचा न्हाय. हा हाकेचा आहे." मित्रांनो, हे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे जो अनर्थ घडला, तो हे एक वाक्य विसरल्यामुळे घडला.

हाकेचा म्हणजे काय, तेही सांगतो. माणसाच्या आवाजाचा मधला भाग उचलावा आणि तो दूर पाण्यावर फेकावा, एवढेच माझे सामर्थ्य. खालचे जड, खोल स्वर माझ्या घशातून जात नाहीत. कुजबुज माझ्या तोंडाबाहेर पडताच वाऱ्यावर विरते. याला व्यंग म्हणू नये. ही माझी रचना आहे. शंखाने वीणेसारखे वाजावे अशी अपेक्षा शहाणा मनुष्य करीत नाही.

एका वर्षी अवेळी वादळ आले आणि होड्यांना वेळेवर निरोप मिळाला नाही. त्यानंतर गावाने वर्गणी काढून मला आणले. देवळाच्या आवारात, समुद्राकडे तोंड करून, एका उंच खांबावर मला बांधण्यात आले. तेव्हापासून बंदरावर धोक्याचा बावटा चढला की मी सांगत असे, "होड्या माघारी आणा." बावटा उतरला की मीच सांगत असे, "आता जा." या दोन हाका हे माझे खरे नित्यकर्म होते. बाकी मग पहाटेची काकड आरती, दवाखान्यातील लसीची वार्ता, हरवलेली शेळी, हरवलेले मूल. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून आले की गावकरी माझ्या कडेला कुंकू लावीत. माझ्यावरून गेलेला शब्द कोणी पडताळून पाहत नसे. "कर्ण्यावर आलंय" एवढे म्हटले की वाद मिटे.

याच विश्वासातून गावात एक रीत रुजली. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीला जोर नसतो आणि जाळी रिकामी राहतात तेव्हा, पंचांची बैठक देवळात बसे. ज्या गोष्टीचा वाद असेल ती गोष्ट माझ्यावरून साऱ्या गावाला ऐकवावी, अशी ती रीत. किनाऱ्यावर जाळी सांधणारे पुरुष आणि वलांड्यांवर, म्हणजे मासळी वाळवण्याच्या बांबूंच्या मांडवांवर, बोंबील टांगणाऱ्या स्त्रिया यांनाही ते ऐकू जावे. न्याय चार भिंतींच्या आत कुजबुजत होऊ नये. हा हेतू पवित्र होता. त्याचा मला अभिमान वाटे. अजूनही वाटतो.

आणि एक काम होते, ज्याविषयी बोलताना माझा पडदा आजही थरथरतो. एखादी होडी दिवेलागणीपर्यंत परतली नाही, तर तिच्यावरील माणसांची नावे माझ्यावरून पाण्यावर पुकारली जात. गेल्या वर्षी मी मितेशचे नाव पुकारले. वेणूबाईचा तो थोरला मुलगा. पाण्यात सोडलेले जाळे ओढताना तो होडीवरून पडला, आणि समुद्राने त्याला परत दिले नाही. दररोज सायंकाळी त्याचे नाव पुकारले जाई आणि त्याची धाकटी बहीण प्राप्ती माझ्या खांबाला टेकून, गुडघे पोटाशी धरून बसे. बारावे झाले. त्या दिवसापासून पुकारणे बंद करण्यात आले. शास्त्र तसे आहे, लोक तसेच करतात. मी त्याविरुद्ध काही म्हणत नाही. पण त्यानंतर त्या घरात मितेशचे नाव कोणी उच्चारीनासे झाले, हे मात्र कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

प्राप्ती मुरुडच्या कॉलेजात अकरावीत शिकत होती. रोज एसटीने जात असे. हळूहळू तिच्या कानांत इअरफोनच्या वाती दिसू लागल्या. बोंबील धुताना, जेवताना, एसटीची वाट पाहताना ती काहीतरी ऐकत राही आणि बोलत नसे. चौलकडील तीन तरुण मुलांनी एक अल्बम काढला होता. त्याचे नाव "रिकामी डोल". डोल म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे पिशवीसारखे जाळे. अशा संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात, असे मी माझ्याखाली बसणाऱ्या मुलांच्या बोलण्यावरून जाणले. गावातील इतर मुलेही तो अल्बम ऐकत. शनिवारी सायंकाळी ती समाजमंदिराच्या खोलीत जमत, ऐकत आणि त्याविषयी आपसांत बोलत.

गावात विनेश नावाचा एक गृहस्थ आहे. त्याचा बर्फाचा कारखाना आहे आणि माझा ॲम्प्लिफायरही त्याच्याच ताब्यात असे. बोर्ली पंचतनच्या बाजारात कोणीतरी त्याला सांगितले की या अल्बममधील गाणी मुलांना मरायला शिकवतात. त्याने ते वेणूबाईला सांगितले. ज्या आईचे एक मूल समुद्राने घेतले आहे, तिला असे काही सांगताना मनुष्याने आधी स्वतः ते गाणे ऐकावे की नाही? त्याने ऐकले नव्हते. पण सांगितले.

वेणूबाई पंचांचे प्रमुख अनंता नाखवा यांच्याकडे गेली. नाखवा वृद्ध आहेत, मितभाषी आहेत, समुद्रावर त्यांचे केस पांढरे झाले आहेत. मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. तिने मासळीची पाटी खाली ठेवली आणि त्यांना एकच प्रश्न विचारला.

"नाखवा, मला दुसरं काय बी नको. हे गानं माज्या पोरीला धरून ठेवतंय का खाली वढतंय, तेवढं सांगा."

मित्रांनो, कोवळ्या मुलांसाठी एखादी कलाकृती योग्य की अयोग्य, या विषयावर मोठमोठे विद्वान मोठमोठी व्याख्याने देतात. त्या साऱ्यांपेक्षा हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. तो मुलीकडे पाहून विचारलेला होता. पुढे जे केले गेले, ते मुलीकडे पाठ फिरवून केले गेले.

नाखव्यांनी निर्णय दिला की गावाने अल्बम ऐकावा, आणि रीतीप्रमाणे कर्ण्यावर ऐकावा. प्राप्तीला हे कळले तेव्हा ती धावत देवळात आली. हे गाणे कर्ण्यासाठी नाही, ज्याला ऐकायचे आहे त्याने कानाला लावून ऐकावे, मी प्रत्येकाला बसवून ऐकवीन, अशी तिने हात जोडून विनवणी केली. विनेश हसला.

"लपवायचं काय नसंल तर उघड्यावर लाव की. आमी म्हातारे काय बिघडणार? आमाला कुटं परीक्षेला बसायचंय?"

देवळात हशा पिकला. एवढ्या मोठ्या हशात तिची विनवणी बुडून गेली.

भांगाच्या त्या दुपारी प्राप्तीचा मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडण्यात आला. वारा किनाऱ्यावरून गावाकडे वाहत होता. काय वाजवले गेले ते मी जाणतो, आणि काय बाहेर पडले तेही मी जाणतो. या दोहोंत जे अंतर होते ते माझ्याखेरीज त्या दुपारी कोणीही जाणत नव्हते. पहिल्या गाण्यात जेटीच्या ठेकेदाराला उद्देशून एक शिवी होती. ती माझ्या तोंडातून लखलखीत बाहेर पडली, कारण शिवी नेहमी आवाजाच्या मधल्या भागात असते. तेथून पुढे विनेशने गाणी अर्ध्यावर तोडत, पुढे ढकलत नेली आणि "तळ" या नावाच्या गाण्यावर येऊन थांबला. त्याच्या आरंभी एक मुलगा धक्क्यावर उभा राहून ओरडतो की समुद्राने मला खाली न्यावे. ते ओरडणे मी साऱ्या कोळीवाड्यावर फेकले. वलांड्यांजवळ वेणूबाईने हातातला बोंबील टाकून कान झाकले. त्यानंतर त्या गाण्यात एक खोल, संथ वाद्य सुरू होते आणि त्यावर दुसऱ्या मुलाचा हलका आवाज येतो. ते वाद्य माझ्या घशातून बाहेर आलेच नाही. तो हलका आवाज वाऱ्याने नेला. गावाला ऐकू आली ती नुसती खरखर. पंचांनी एकमेकांकडे पाहिले आणि विनेशने बटण बंद केले.

आपल्या परंपरेत आधी श्रवण, मग मनन आणि त्यानंतर निदिध्यासन सांगितले आहे. ज्या बैठकीत श्रवणच झाले नाही, तेथे मननाची गोष्ट कशाला? शंखातून वीणा ऐकली आणि वीणा बेसूर आहे असा निवाडा दिला! मी असा साक्षीदार होतो की ज्याला अर्धेच दिसते, आणि मला तसेच उभे करून माझी साक्ष पूर्ण मानली गेली. मी कारागिराचा शब्द घेऊन जन्मलो होतो. तो त्यांनी विचारला असता, तर मी त्यांना फसवले नसते.

मग विनेशच्या आवाजात माझ्या तोंडून निवाडा गेला. हा अल्बम मुलांना घातक आहे, कोणत्याही घरात तो वाजू नये, समाजमंदिराच्या खोलीला शनिवारी कुलूप राहील. एवढ्यावर तो थांबला असता तरी मी गिळले असते. पण तो पुढे म्हणाला, "वेणूबाईच्या प्राप्तीसारखी पोरं अशानंच नासतात." एका मुलीचे नाव! ज्या मुखाने तिच्या भावाचे नाव पाण्यावर पुकारले, त्याच मुखाने तिचे नाव गावभर नासवले गेले. माझ्या मुखातून गेलेल्या असंख्य शब्दांपैकी एवढाच एक शब्द मला परत हवा आहे.

तुम्ही म्हणाल, शिवीचा एवढा बाऊ करणारे लोक मोठे शुचिर्भूत असतील. ऐका. शिमग्याला होळीभोवती हेच पंच, हाच विनेश, माझ्या मुखातून जे काही ओरडतात, ते उच्चारण्याचे धैर्य त्या चौलच्या मुलांनाही झाले नसते. शिमग्याला मी दोष देत नाही. वर्षभराचा मळ एका दिवशी बाहेर पडावा आणि दुसऱ्या दिवशी धुऊन जावा, यात पूर्वजांचे शहाणपण आहे. माझा आक्षेप एवढाच की ज्या मापाने स्वतःच्या शिव्या मोजता, त्याच मापाने मुलांच्याही मोजा.

वेणूबाईने प्राप्तीचा मोबाइल काढून घेतला. एसटीच्या थांब्यावर मुले तिला पाहून म्हणू लागली, "रिकामी डोल आली रे." काही दिवसांनी तिने थांब्यावर जाणेच सोडले. कॉलेज सुटले. ती माझ्या खांबाजवळच्या वलांडीवर मान खाली घालून बोंबील टांगत राही. आता तिच्या कानांत काहीच नव्हते, तरी ती पूर्वीपेक्षाही गप्प होती. गावाला वाटले की उपचार लागू पडला.

वेणूबाईला मात्र तसे वाटले नाही. एका दुपारी ती तांदळाच्या डब्यात लपवलेला मोबाइल पदराखाली घेऊन वलांडीवर आली. तिने तो मुलीपुढे धरला आणि म्हणाली की जे गाणे गावाने ऐकले, ते आता मला ऐकव. पण तू ऐकतेस तसे. प्राप्तीने इअरफोनची एक वात आईच्या कानात घातली, एक आपल्या.

मित्रांनो, या गावात जे काही सर्वांनी ऐकले, ते माझ्यामुळे ऐकले. त्या दुपारी पहिल्यांदा माझ्यासमोर दोन माणसे काहीतरी ऐकत होती आणि मला त्यातले अक्षरही ऐकू येत नव्हते. मी केवळ पाहत होतो. वेणूबाईच्या हातात एक ओला बोंबील होता. तो तिने टांगला नाही, खालीही ठेवला नाही. गाणे संपले असावे, कारण तिने बोटाने पुन्हा लावण्याची खूण केली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने विचारले की तो दुसरा पोरगा कोण. धक्क्यावरच्या मुलाचा तो मित्र, असे प्राप्तीने सांगितले. तो धक्क्यावर येऊन बसतो आणि त्याचे नाव घेत राहतो. उजाडेपर्यंत घेत राहतो. मग पहिला मुलगा मागे वळतो.

"आई, तो हाक मारायची थांबवत न्हाय. आपण मितेशदादाला बाराव्याला थांबवली."

वेणूबाईने हातातला बोंबील वलांडीवर टांगला. मग त्या उन्हात, बोंबलांच्या रांगेत उभी राहून, तिने वर्षभरात पहिल्यांदा आपल्या मुलाचे नाव मोठ्याने घेतले. प्राप्तीनेही घेतले. मी वर होतो. माझी वीज बंद होती. त्यांना माझी गरज नव्हती.

संध्याकाळी तिने मुलीला आपला निवाडा सांगितला. मला तो आजवर ऐकलेल्या साऱ्या निवाड्यांत श्रेष्ठ वाटतो. बाकीची गाणी तुझी तू ऐक. शिवी मला आवडली नाही, पण ती तुझ्या बापाच्या तोंडची नवी नाही. "तळ" मात्र एकटीने ऐकायचे नाही. तुझे वय अजून लहान आहे आणि ते पाणी खोल आहे. ऐकायचे झाले की मला हाक मार, मी हातातले टाकून येईन.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नाखव्यांसमोर उभी राहिली. मुलीचे नाव कर्ण्यावरून गेले, तर ते कर्ण्यावरूनच मोकळे व्हावे, अशी तिची मागणी होती. विनेश तेथेच होता. तो म्हणाला की काकी, आता तुमीबी गिटार वाजवा. ती त्याच्याकडे वळली.

"बाला, शिमग्याला तू काय वरडतोस ते माज्या पोरीनं पाळण्यात असल्यापास्नं आयकलंय. ती न्हाय नासली."

देवळात पुन्हा हशा पिकला, पण या वेळी विनेश त्यात नव्हता. नाखवा हसले नाहीत. त्यांनी सावकाश सांगितले की कर्ण्यावर गेलेला शब्द परत घेतला, तर उद्या वादळाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील. होड्या पाण्यात असतात. त्या शब्दावर माणसांचे जीव टांगलेले असतात. मी मान्य करतो, या बोलण्यात वजन होते. माझ्याच अब्रूसाठी ते बोलत होते.

वेणूबाईने खाली ठेवलेली पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

"बावटा चढवता, नाखवा, तसा उतरवता बी. दर साली उतरवता. तवा कोन म्हनतं का कर्णा खोटा हाय म्हनून?"

नाखव्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "बगू."

मित्रांनो, या "बगू" शब्दाइतका मला कशाचाही संताप नाही. शिवी परवडली. तीत निदान उष्णता तरी असते. ज्या म्हाताऱ्याने वादळात होडी वळवली, त्याला एक वाक्य वळवता आले नाही. नवरात्राच्या आधी विनेशने देवळाला नवे, मोठे, काळे स्पीकर दिले. त्यांतून खोल स्वरही येतात म्हणे. मला खांबावरून उतरवले. मी निरोपाची आरती मागितली नव्हती. माझ्या मुखातून एक वाक्य परत घेतले जावे, एवढीच माझी इच्छा होती. ते न घेताच मला येथे आणून टाकले.

प्राप्ती आता पुन्हा कॉलेजला जाते. वेणूबाई पाटी घेऊन तिच्याबरोबर थांब्यापर्यंत येते आणि एसटी सुटेपर्यंत हलत नाही. जाताना त्या दोघी या खोलीवरून जातात, तेव्हा कधी मितेशचे नाव माझ्या कानी पडते. पण समाजमंदिराच्या खोलीला कुलूप आहे, इतर घरांतील मुले चोरून ऐकतात, आणि चोरून ऐकणाऱ्या मुलाजवळ "तळ" लागेल तेव्हा कोणी बसलेले नसेल. निवाड्याने हे साधले.

म्हणून थोरांनो, तुम्हाला सांगतो, आणि मुलांनो, तुम्हालाही: मला पुसा, माझ्या घशातील माती काढा, असे मी म्हणत नाही. मुलाच्या कानात काय आहे हे जाणायचे असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि दुसरी वात आपल्या कानात घाला. शेवटपर्यंत ऐका. मग जे वाटेल ते बोला. रागवायचे तर रागवा. पण खांबावरून बोलू नका.

आणि जे कोणी करीत नाही, ते आता मीच करतो. घशात माती आहे, वीज नाही, तोंड जमिनीकडे आहे; तरी हाक मारणे हा माझा धर्म आहे.

गावकऱ्यांनो, ऐका. वेणूबाईच्या प्राप्तीविषयी या कर्ण्यावरून जे सांगितले गेले, ते न ऐकता सांगितले गेले. तो बावटा मी उतरवीत आहे.